वॉर्डातली डोकी मोजायची की वॉर्डाचे जडपण? मानसोपचार कक्षातील परिचारिकांच्या संख्येविषयी

दिवेलागण (धागाकर्ती)

नमस्कार. मी एकोणीस वर्षे परिचारिका आहे आणि त्यातली अकरा वर्षे मानसोपचार कक्षात काढली आहेत. सध्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या तीस खाटांच्या मानसोपचार विभागात परिसेविका म्हणून काम करते. एका प्रश्नाने मला काही महिने छळले आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

एकाच आठवड्यातल्या दोन रात्री सांगते. दोन्ही रात्री कक्षात सव्वीस रुग्ण, दोन परिचारिका आणि एक मावशी होत्या. मंगळवारी दहाच्या गोळ्या झाल्या, साडेदहाला दिवे मंद केले आणि पहाटे रक्ताचे नमुने काढेपर्यंत फार तर दोघे-तिघे उठले. गुरुवारी मात्र दारू सोडून दुसरा दिवस लागलेले एक गृहस्थ चादरीवरचे, नसलेले किडे वेचत होते. विशीतल्या एका मुलीवर डॉक्टरांनी अखंड नजर ठेवायला लिहिले होते. आणि कॅटाटोनियामुळे न बोलणाऱ्या, न हलणाऱ्या एका आजींना नळीवाटे भरवायचे आणि दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे होते.

आमची रात्रपाळी आठ ते आठ अशी बारा तासांची असते, म्हणजे दोघींची मिळून १४४० मिनिटे होतात. अखंड नजरेत ७२० मिनिटे गेली. त्या गृहस्थांकडे दर तासाला दहा मिनिटे धरली तर १२० गेली. आजींच्या तीन फीडना प्रत्येकी वीस मिनिटे आणि दोघींनी मिळून सहा वेळा कुशीवर वळवायला आणखी १२० मिनिटे धरा. उरलेल्या ४२० मिनिटांत तेवीस रुग्ण बसवायचे, म्हणजे बारा तासांत माणशी अठरा मिनिटे, आणि त्यातच गोळ्या, नोंदी, दोघींचे जेवण. दुसऱ्या दिवशी मी तिसरी परिचारिका मागितली तेव्हा कार्यालयाने रजिस्टर पाहून सांगितले की दोन्ही रात्री सव्वीसच रुग्ण होते, तेव्हा मागणीला आधार नाही. वॉर्ड जड होता हे आकड्यात दाखवा, मग बोलू.

त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. मला ते खरोखरच आकड्यात दाखवायचे आहे. रुग्णाची निकड, ज्याला पुस्तकांत अ‍ॅक्युइटी म्हणतात, ती मानसोपचार कक्षात कोणी पाळीगणिक मोजते का? कशाने मोजता, आणि त्या गुणांवरून माणसे किती हे कसे ठरवता?

कण्हेर

दिवेलागणताई, मी परिचर्या महाविद्यालयात मनोविकार परिचर्या शिकवते. तुमचा मिनिटांचा हिशेब मी वर्गात वापरू का?

आपल्याकडे प्रमाण म्हणून जे सांगितले जाते ते भारतीय परिचर्या परिषदेचे आहे: अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका. हे प्रमाण खाटांवर बसते. त्या खाटेवर कोण निजले आहे हे त्याला दिसत नाही. शिवाय ते पदांचे प्रमाण आहे, पाळीवरच्या हजेरीचे नाही, आणि हा फरक कार्यालयात फार वेळा निसटतो. चोवीस तास एक परिचारिका हजर ठेवायची तर आठवड्याचे १६८ तास भरावे लागतात. एकीचे आठवड्याचे ४८ तास धरले तरी साडेतीन पदे लागतात आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण यांसाठी तीस टक्के राखीव धरले की तो आकडा ४.५५ वर जातो. म्हणजे एक खुर्ची सतत भरलेली ठेवायला जवळजवळ पाच माणसे लागतात.

मोजमापाची सुरुवात ब्रोसेटच्या तक्त्याने करावी असे सुचवते. हा तक्ता नॉर्वेतल्या ट्राँडहाइमचा आहे. त्यात सहाच गोष्टी पाहायच्या असतात: गोंधळलेपण, चिडचिड, धसमुसळेपणा, शाब्दिक धमकी, अंगावर येण्याचा आविर्भाव आणि वस्तूंवर हल्ला. दिसली तर एक, नसली तर शून्य. बेरीज शून्य असेल तर पुढच्या चोवीस तासांत हिंसेचा धोका कमी, एक-दोन असेल तर मध्यम, तीन किंवा अधिक असेल तर जास्त समजून आधीच उपाय योजायचे. ओव्हर, म्हणजे पाळी बदलतानाची रुग्णांची माहिती, देता-घेताना एका रुग्णामागे फार वेळ लागत नाही.

भीमथडी

मी चार वर्षे ब्रोसेटचा तक्ता भरतो आहे आणि त्याच्या बाजूनेच बोलतो, पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तो तक्ता आवाज मोजतो. ज्याचा आवाज नाही त्याला तो शून्य देतो.

आमच्या कक्षात एक पस्तिशीचे शिक्षक होते. सहा दिवस रोज तिन्ही पाळ्यांना त्यांचे गुण शून्य. सकाळी स्वतःची चादर घडी करून ठेवत, सर्वांना नमस्कार करत. सातव्या दिवशी मावशींनी सहज म्हणून बाथरूमचे दार ठोठावले आणि आतून उत्तर आले नाही, म्हणून ते वाचले. त्या दिवशी आमच्याकडे माणसे कमी होती, कारण गुणांवरून वॉर्ड हलका ठरवून एका ब्रदरना दुसरीकडे पाठवले होते. तक्त्याने काही चूक केली नव्हती. दुसऱ्यावर हल्ला होईल का, एवढेच त्याला विचारले होते आणि त्याचे त्याने बरोबर उत्तर दिले. वॉर्ड हलका आहे का हा प्रश्न त्याला विचारायला नको होता, तो आम्ही विचारला.

कण्हेर

भीमथडीदादा, मान्य. धोका आणि काळजीचे ओझे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी पहिल्याच प्रतिसादात स्पष्ट लिहायला हवे होते.

यातच एक भर घालते. रुग्ण ओळखीचा असेल तर ब्रोसेटमध्ये त्याच्या नेहमीच्या वागण्यापेक्षा जास्त जे दिसेल तेवढेच मोजायचे असते. जो बाराही महिने मोठ्याने बोलतो त्याच्या मोठ्या आवाजाला गुण नाही. म्हणजेच हा तक्ता नीट भरायला रुग्णाला ओळखणारी परिचारिका लागते. रोज नवीन कंत्राटी मुली पाठवल्या तर तोच तक्ता भलतेच आकडे देऊ लागतो.

पैलतीर

इंग्लंडमधल्या मानसोपचार कक्षात मी नऊ वर्षे काम करते आहे, मूळची सांगलीची. इथला अनुभव सांगते, कारण आपला प्रश्न इथेही सुटलेला नाही, फक्त त्याच्याशी झगडून जास्त वर्षे झाली आहेत.

इथे मानसिक आरोग्यासाठी ‘एमएचओएसटी’ नावाचे साधन वापरतात. प्रत्येक रुग्णाला निकड आणि परावलंबित्व यांवरून पाच पातळ्यांपैकी एकीत बसवतात, प्रत्येक पातळीला किती मनुष्यबळ लागते याचा गुणक ठरलेला असतो आणि त्यांच्या बेरजेवरून कक्षाला एकूण किती पदे हवीत ते काढतात. याशिवाय २०१६ पासून आरोग्यसेवेत ‘रुग्णामागे दर दिवशी काळजीचे तास’ हा आकडा आला. चोवीस तासांत परिचारिका आणि साहाय्यक यांनी मिळून किती तास काम केले, त्याला मध्यरात्री कक्षात असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागायचे. मध्यरात्रीची संख्या धरल्यामुळे दिवसभरात दोन रुग्ण गेले आणि दोन आले, तर त्या चार जणांमागचे कागद, समजावणे, सामान तपासणे, नातेवाइकांशी बोलणे यांतले काहीही त्या आकड्यात उमटत नाही.

दिवेलागणताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत आणि ते सोडवले नाहीत तर कार्यालय तुम्हाला गोल फिरवत राहील. या कक्षाला वर्षभरासाठी किती पदे मंजूर असावीत हा पहिला, आणि आज रात्री किती जणी हव्यात हा दुसरा. पाच पातळ्यांसारखी साधने पहिल्यासाठी आहेत. ती काही आठवडे सलग भरून मग सरासरी काढायची असते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाळीच्या प्रमुखाकडेच असते आणि तिला तासाभरात माणूस मागवण्याचा अधिकार असेल तरच त्या उत्तराला अर्थ राहतो. वेल्सने २०१६ साली परिचारिकांच्या संख्येचा कायदा केला, त्यात अनुभवी परिचारिकेचा निर्णय, रुग्णांच्या निकडीचे मोजमाप आणि काळजीच्या दर्जाचे निर्देशक असे तिन्ही एकत्र पाहायला सांगितले आहे. त्यातली परिचारिकेच्या निर्णयाची अट मला फार मोलाची वाटते. मात्र संख्या मोजून ठरवण्याची सक्ती तिथे आधी प्रौढांच्या वैद्यकीय आणि शस्त्रक्रिया कक्षांना आणि नंतर मुलांच्या कक्षांना लागू झाली. इंग्लंडमध्येही ‘नाइस’ या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये सर्वसाधारण कक्षांतील परिचारिकांच्या संख्येसाठी मार्गदर्शन काढले आणि २०१५ मध्ये पुढचे काम थांबले, त्यात मानसिक आरोग्यही अडकले. आपल्या कक्षांची पाळी सगळीकडेच शेवटी येते.

हिशेबनीस

मी दुसऱ्या बाजूला बसतो. एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाचे मनुष्यबळ आणि खर्च मी पाहतो आणि दिवेलागणताईंच्या कार्यालयासारखीच उत्तरे मीही दिली आहेत, त्यामुळे ती का दिली जातात हे प्रामाणिकपणे सांगणे मला भाग आहे.

ज्या आकड्यावर माणसे मिळणार, तो आकडा माणसे मागणाऱ्यानेच भरायचा असेल तर तो वाढत जातो. कोणी खोटे लिहिते असे मी म्हणत नाही. दमलेल्या माणसाला सगळे जडच दिसते. आमच्या अतिदक्षता विभागात असा प्रयोग झाला आणि चौथ्या महिन्यात सगळेच रुग्ण वरच्या पातळीत होते. मग आकड्याला काही किंमत उरली नाही. त्यापेक्षा एक ठरलेले प्रमाण कायद्याने बांधून द्यावे, ते मोडले तर जाब विचारता येतो. कॅलिफोर्नियात १९९९ साली तसा कायदा झाला, २००४ पासून प्रमाणे लागू झाली आणि मानसोपचार कक्षाला सहा रुग्णांमागे एक परिचारिका असे थेट लिहिले आहे. सहापेक्षा जास्त रुग्ण दिसले की नियम मोडला, त्यावर वाद होत नाही.

भीमथडी

हिशेबनीसकाका, सहाला एक हे आमच्याकडे मिळाले तर आम्ही पेढे वाटू. पण ते तळ म्हणून ठीक आहे, छत म्हणून नाही. ताईंच्या गुरुवारच्या रात्री सहाला एक असते तर पाच जणी असत्या आणि प्रश्न मिटला असता. पण मंगळवारीही पाचच असत्या, आणि तिसऱ्याच महिन्यात तुमच्यासारखे कोणीतरी मंगळवारचे रजिस्टर काढून दोघींना दुसरीकडे हलवले असते. प्रमाण टिकवायलासुद्धा जडपणाची नोंद लागतेच.

दिवेलागण

सर्वांचे मनापासून आभार. काकांचा मुद्दा बोचला, पण खरा आहे. आकडा फुगू नये म्हणून एक उपाय सुचतो: ओव्हर देणारी आणि घेणारी या दोघींनी रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून मिळून गुण द्यायचे. जाणारीला जास्त लिहून काही मिळत नाही आणि येणारीला कमी लिहिलेले परवडत नाही. दोघींचे जमले नाही तर तो मतभेदच नोंदवायचा.

अनुबंध

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. परिचारिकांच्या चर्चेत डॉक्टरांनी दोन गोष्टी कबूल करायला हव्यात असे वाटते म्हणून लिहितो.

पहिली कायद्याची. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९७ ने रुग्णाला एकांतात कोंडण्यास बंदी घातली आहे आणि शारीरिक बंधन फक्त तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसेल तेव्हाच, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीने आणि आवश्यक तेवढाच वेळ वापरता येते. त्याच कलमात असेही म्हटले आहे की केवळ कर्मचारी कमी आहेत या कारणावरून आस्थापनेने बंधन वापरू नये. प्रत्येक बंधनाची नोंद वैद्यकीय कागदपत्रांत कारणासह व्हायला हवी, नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने नेमलेल्या माणसाला, चोवीस तासांत कळवायला हवे आणि दर महिन्याचा अहवाल मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जायला हवा. आता विचार करा, पहाटे तीन वाजता दोन परिचारिका आणि एक मावशी असताना एखाद्या रुग्णाला बांधावे लागले, तर ते इजा टाळण्यासाठी होते की माणसे नव्हती म्हणून, हे त्या रात्रीच्या जडपणाची नोंद असल्याशिवाय कोण सांगू शकेल? ती नोंद रुग्णाच्या हक्काची आहे आणि परिचारिकेच्या बचावाचीही आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेली माणसे पळू शकली नाहीत, अठ्ठावीस जण गेले. ते खासगी आश्रम होते, रुग्णालय नव्हते, हे मान्य. पण माणसाच्या जागी साखळी आली की काय होते ते आपण पाहिलेले आहे.

दुसरी कबुली आमच्या लेखणीची. ‘अखंड निरीक्षण’ हे दोन शब्द लिहायला मला तीन सेकंद लागतात. वर कण्हेरताईंनी दाखवले त्याप्रमाणे ते पाळायला पूर्ण एक खुर्ची लागते. राउंड संपवून आम्ही निघून जातो आणि तो आदेश कोणाच्या वाट्याचा वेळ खाणार हे विचारत नाही. हा धागा वाचल्यावर मी ठरवले आहे की असा प्रत्येक आदेश रोज सकाळी नव्याने लिहायचा, नाही तर तो आपोआप संपला असे धरायचे. दारू सोडल्यावर होणाऱ्या त्रासासाठी दहा बाबींचा, कमाल ६७ गुणांचा तक्ता आम्ही वापरतो, तो किती वेळाने भरायचा हेही आम्हीच लिहितो. तेव्हा त्याचा भारही आमच्याच आदेशात मोजला जावा. ईसीटीच्या, म्हणजे विजेच्या झटक्याच्या उपचारांच्या, सकाळचेही तसेच. चार रुग्णांची ईसीटी असली की एक अनुभवी परिचारिका दोन-अडीच तास कक्षात नसते, आणि रजिस्टरवर ती कक्षात हजर असते.

थोरला_भाऊ

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. माझी धाकटी बहीण दोन वेळा दाखल होती, एकूण सदतीस दिवस. दाखल करतानाच सांगितले गेले की एक नातेवाईक चोवीस तास सोबत हवा. आई आणि मी पाळ्या लावल्या. तिला जेवू घालणे, आंघोळीला नेणे, ती दाराकडे धावली की धरणे, रात्री तिच्या खाटेखाली सतरंजी टाकून झोपणे हे सगळे आम्ही केले. सिस्टर चांगल्या होत्या, त्यांच्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण दुसऱ्या वेळी आईला ताप आला आणि मला एक दिवस कामावर जावे लागले, त्या दिवशी बहीण सकाळपासून तशीच बसून होती. तिला केस विंचरून घ्यायला आवडते. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा केसांत गुंता होता आणि जेवणाचे ताट झाकलेले तसेच होते.

तुम्ही मोजाल तेव्हा आमचेही काम मोजाल का? की सोबत माणूस आहे म्हणून तो रुग्ण हलका धराल?

पैलतीर

भाऊ, तुमचा प्रश्न इथल्या कुठल्याही साधनात नाही, कारण इथे नातेवाईक कक्षात राहत नाहीत. म्हणूनच परदेशी साधन जसेच्या तसे उचलू नये. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आणि बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत कुटुंबासह दाखल करण्याची पद्धत मुद्दाम, उपचाराचा भाग म्हणून रुजवली गेली, आणि तिचे मोल मोठे आहे. पण कुटुंब उपचारात सहभागी होणे वेगळे आणि कुटुंबाने रिकाम्या पदावर बसणे वेगळे.

दिवेलागण

थोरला_भाऊ, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आमच्या मोजणीच्या फॉर्मच्या मसुद्यात ‘नातेवाईक सोबत असल्यास एक गुण वजा’ असे मी खरोखरच लिहिले होते. ते आज खोडले. आता गुण नातेवाईक नाही असे धरूनच द्यायचे आणि सोबतीचा वेगळा रकाना ठेवायचा, म्हणजे घरची माणसे किती काम उचलतात तेही महिनाअखेर कागदावर दिसेल.

सोनकी

मी राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकात होते, आता निवृत्त. येरवडा २५४० खाटा, ठाणे १८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५. हे आकडे सेवेत असताना तोंडपाठ होते. तिथल्या दीर्घकालीन कक्षांबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहिते.

वीस-वीस वर्षे राहिलेल्या बायकांचा कक्ष डोळ्यांपुढे आणा. कोणी ओरडत नाही, कोणी मारत नाही, नवे रुग्ण दाखल होत नाहीत. कुठल्याही तक्त्यात बेरीज शून्य, म्हणून त्याला शांत वॉर्ड म्हणायचे आणि दुसऱ्या कक्षात कोणी रजेवर गेले की माणूस शांत वॉर्डातूनच उचलायचा. पण त्या बायका आता साठीच्या, सत्तरीच्या आहेत. मधुमेह आहे, मोतीबिंदू आहे, ओल्या फरशीवर पडणे आहे. दात नाहीत आणि औषधांमुळे गिळणे मंदावलेले आहे, म्हणून घास अडकतो. माझ्या कक्षातल्या एका आजींना पाव दुधात बुडवून, एकेक तुकडा, मध्ये थांबून भरवावा लागे. पाऊण तास लागे. दोघी जणी असलो की एक जण शेजारी बसे. एकटी असले की दूध-पाव कालवून पेला हाती द्यावा लागे आणि मी जीव मुठीत धरून लांबून पाहत राही.

आणि घरी परतवण्याचे काम? एखादीला पैसे मोजायला, बसमध्ये चढायला, स्वतःच्या गोळ्या ओळखायला पुन्हा शिकवायचे तर तिच्याबरोबर रोज तासभर कोणीतरी हवे. ते काम केले नाही म्हणून त्या रात्री काही बिघडत नाही, आणि ती बाई पुढची दहा वर्षे तिथेच राहते. तुमच्या फॉर्ममध्ये याला जागा आहे का?

नेकारकाठ

सोनकीताई, तुमच्या प्रश्नाला एक उत्तर जर्मनीत आहे. मी इथे बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये मानसोपचार कक्षात काम करते. या देशाने १९९१ सालीच मानसोपचारातील मनुष्यबळाचा अध्यादेश काढला होता. त्यात रुग्णाचे वर्ग उपद्रवावरून ठरवलेले नव्हते. त्याला कोणता उपचार हवा आहे यावरून ठरवलेले होते. सर्वसाधारण मानसोपचाराचा गट ‘अ’, त्यात नियमित उपचार, तीव्र उपचार, पुनर्वसन, दीर्घकालीन उपचार असे उपगट. व्यसनी रुग्णांचा आणि वृद्धांचा गट वेगळा. प्रत्येक उपगटाला दर रुग्णामागे आठवड्याला किती मिनिटे, ती परिचारिका, डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते अशी पेशावार लिहून दिलेली. पुनर्वसन हा शब्द त्या तक्त्यात होता, म्हणून त्याची मिनिटेही होती. १ जानेवारी २०२० पासून नवी नियमावली आली आणि ही मिनिटे किमान मर्यादा म्हणून बांधली गेली. त्यातही वाद पुष्कळ आहेत, नोंदींचा भार मोठा आहे, तरी माझ्या कक्षात ‘रुग्णाशी बोलणे’ हे वेळ उरला तर करायचे काम धरत नाहीत.

पांथस्थ

आधीच चौदा रजिस्टरे आहेत. पंधरावे भरायला वेळ कुठून आणायचा? जो वेळ रुग्णाला द्यायचा तोच मोजण्यात जाणार.

कण्हेर

पांथस्थ, शंका रास्त आहे. मोजलेल्यावरून पुढे काही करायचे नसेल तर मोजूच नये. पण स्वित्झर्लंडमधल्या तीव्र मनोविकाराच्या कक्षांत ब्रोसेटवर आधारित नोंद नियमित ठेवून, गुण वाढले की परिचारिकांनी आधीच हालचाल करायची, असा तुलनात्मक अभ्यास झाला. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा गंभीर हल्ल्यांत ४१ टक्के आणि सक्तीच्या उपायांत २७ टक्के घट दिसली. एका झटापटीनंतर तीन जणी दीड-दोन तास गुंततात हे तुम्ही जाणताच. आणि पंधरावे रजिस्टर काढायचेच असेल तर चौदांपैकी एक बंद करून घ्या, हे मी गंभीरपणे सांगते. ओव्हरच्या वहीतच चार रकाने आखले तरी चालते.

पैलतीर

संख्येइतकेच, असलेली माणसे काय करतात हेही पाहावे. इंग्लंडमधल्या ‘सेफवॉर्ड्स’ या कार्यक्रमात रुग्ण आणि कर्मचारी यांनी एकमेकांकडून काय अपेक्षा आहेत ते मिळून ठरवणे, वाईट बातमी सांगितल्यावर जवळ थांबणे, ओव्हर देताना रुग्णाबद्दल एक तरी चांगली गोष्ट सांगणे अशा दहा साध्या गोष्टी आहेत. २०१५ मध्ये आलेल्या त्याच्या चाचणीत भांडणतंटे १५ टक्क्यांनी आणि बंधनासारखे उपाय २६ टक्क्यांनी कमी झाले. पण वाईट बातमीनंतर जवळ थांबायला थांबणारी मोकळी हवी, हे ओघाने आलेच.

दिवेलागण

सर्वांना नमस्कार. मधले पाच आठवडे मी धाग्यावर फिरकले नाही, कारण आम्ही फॉर्म भरत होतो. आज मूळ प्रश्नाकडे परत येते.

ओव्हरच्या वहीत पाच रकाने आखले. ब्रोसेटचे गुण, निरीक्षणाची पातळी, शरीराची काळजी, म्हणजे भरवणे, आंघोळ, कुशीवर वळवणे, पडण्याचा धोका, दारू सोडल्यावरच्या त्रासाचा तक्ता, चौथ्यात भीमथडीदादांनी सांगितलेल्या शिक्षकांसारख्या रुग्णांसाठी ‘आज याच्याजवळ बसायला हवे का’ एवढाच प्रश्न, ज्याचे उत्तर फक्त परिचारिकेने आपल्या मनाने द्यायचे, आणि पाचव्यात सोबतीचा नातेवाईक. रुग्ण दाखल करणे, घरी सोडणे, ईसीटी, तपासणीला बाहेर नेणे ही कामे रुग्णाच्या नावावर न टाकता कक्षाच्या नावावर मिनिटांत लिहिली. पहिल्या आठवड्यात गुण गडबडले, कारण चिडचिड कशाला म्हणायचे यावरच आमच्यात तीन मते होती. दुसऱ्या आठवड्यापासून ओव्हर देणारी आणि घेणारी यांचे गुण बहुतेक जुळू लागले.

जे दिसले ते मला अनपेक्षित होते. मी रात्रीसाठी माणूस मागत होते. सलग मोजल्यावर कळले की आमचा कक्ष सर्वांत जड होतो तो संध्याकाळी पाच ते नऊ. भेटीची वेळ संपून घरचे निघून जातात, नवे रुग्ण याच सुमारास दाखल होतात, डॉक्टर घरी गेलेले असतात, जेवण आणि रात्रीच्या गोळ्या एकत्र येतात, आणि याच चार तासांत आमची ओव्हर होते, म्हणजे दोन्ही पाळ्यांच्या परिचारिका टेबलापाशी आणि रुग्ण एकटे. पाच आठवड्यांत दोनदा बंधन वापरावे लागले. दोन्ही वेळा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान. चौथ्या रकान्यात ज्या अकरा जणांपुढे ‘हो’ लिहिले गेले, त्यांतल्या सात जणांचे ब्रोसेटचे गुण शून्य होते. गुरुवारसारख्या रात्री पाच आठवड्यांत फक्त तीन आल्या.

हे घेऊन कार्यालयात गेले. काकांची आठवण झाली, कारण त्यांच्यासारख्याच एका गृहस्थांनी तासभर वही चाळली आणि मतभेदाच्या नोंदी पाहून त्यांचा वहीवर विश्वास बसला. कायमचे पद आत्ता मिळणार नाही. तीन महिन्यांसाठी दुपारी चार ते रात्री दहा अशी एक परिचारिका मिळाली आहे, आणि अखंड निरीक्षणाचा आदेश असेल त्या रात्री पर्यवेक्षिकेने दुसऱ्या विभागातून माणूस द्यायचा असे लेखी झाले आहे.

हिशेबनीस

ताई, तीन महिन्यांनी तुम्हाला विचारतील की या परिचारिकेमुळे काय बदलले. बंधनाच्या नोंदी तर ठेवाच, पण आधीच्या पाच आठवड्यांतले रजा आणि आजारपणाचे दिवसही आत्ताच काढून ठेवा, नंतर ते सापडत नाहीत. वहीचा नमुना पाठवता येईल का? आमच्याकडे मानसोपचाराच्या बारा खाटा आहेत.

सोनकी

आणि पुनर्वसनाचा रकाना राहिला, बाई.

दिवेलागण

राहिला खरा. आमच्याकडे रुग्ण सरासरी तीन आठवडेच राहतात, म्हणून मी तो सोडून दिला होता. पण दोघी जणी चार महिन्यांपासून आहेत, त्यांना न्यायला कोणी आलेले नाही. संध्याकाळच्या नव्या परिचारिकेने परवा त्यातल्या एकीला खाली औषधाच्या दुकानापर्यंत नेऊन आणले; पंचवीस मिनिटे लागली. ती मी कक्षाच्या मिनिटांत लिहिली आहेत. सोमवारपासून त्यांचा वेगळा रकाना आखते आणि काका, मग नमुना पाठवते.